जर्मनी: हीट पंप आणि केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचे उत्पन्नावर ठरणारे अनुदान (योजना क्रमांक ४५८) – हातात किती येते, कुठे अडते?

नेकारकाठ
श्टुटगार्टजवळचे १९७८ चे रो-हाऊस, १४० चौ. मी. तळघरात २००४ चा गॅस बॉयलर, वर्षाला सुमारे २१,००० युनिट गॅस जातो. बाहेरच्या हवेतून उष्णता घेणाऱ्या हीट पंपाचे कोटेशन आले आहे: १४ किलोवॅटचे मशीन, हीटिंगचे पाणी साठवणारी ८०० लिटरची बफर टाकी, वापरायच्या गरम पाण्याची टाकी, वीजकाम, एकूण ३४,८०० युरो. घर दोघांच्या नावावर, आम्ही इथेच राहतो, दोन मुले. दोघांचे मिळून करपात्र उत्पन्न २०२३ मध्ये ३४,६००, २०२४ मध्ये ४४,२००. २०२५ चे ५० हजारांच्या पुढे जाईल.

कंपनी म्हणते, ७० टक्के सरकार देते, आत्ता सही करा म्हणजे भाव पक्का. तीन प्रश्न:
१. उत्पन्न बोनससाठी ४० हजारांची मर्यादा आहे, ती कोणत्या वर्षाच्या उत्पन्नाला?
२. ७० टक्के म्हणजे ३४,८०० चे ७० टक्के का?
३. सही आधी की अर्ज आधी?

गणिती
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे.

जुनी हीटिंग बदलून हीट पंप बसवणाऱ्या प्रत्येकाला मूळ ३० टक्के. स्वतः राहणाऱ्या मालकाने जुनी यंत्रणा काढली तर 'वेग बोनस' २० टक्के. त्यासाठी तेल, कोळसा, रात्रीच्या विजेवरची हीटर किंवा फ्लॅटपुरता गॅस बॉयलर असेल तर वयाची अट नाही. तुमच्यासारख्या मध्यवर्ती गॅस बॉयलरला मात्र किमान २० वर्षे झालेली हवीत. २००४ चा म्हणजे बसतो. करपात्र उत्पन्न ४० हजारांपर्यंत असेल तर उत्पन्न बोनस ३० टक्के. प्रोपेनसारखे नैसर्गिक रेफ्रिजरंट (मशीनमध्ये फिरून उष्णता वाहणारा वायू) किंवा जमीन/पाणी हा स्रोत असेल तर ५ टक्के.

बेरीज होते ८५, पण ७० वर झाकण आहे. आणि हे ७० टक्के कोटेशनवर नाहीत, जास्तीत जास्त ३०,००० युरोच्या खर्चावर आहेत. म्हणजे कमाल २१,०००. तुमच्या ३४,८०० मधून २१,००० गेले, खिशातून १३,८००.

आता गंमत पाहा. उत्पन्न बोनस बसलाच नाही तर? ३० + २० + ५ = ५५ टक्के, म्हणजे १६,५००. खिशातून १८,३००. 'तीस टक्क्यांचा बोनस' ऐकून ९,००० डोळ्यासमोर येतात, तुमच्या बाबतीत फरक पडतो फक्त ४,५०० चा. बाकीचा झाकणाने खाल्ला.

तोच बॉयलर २०१२ चा असता तर हिशेब वेगळा. वेग बोनस नाही, म्हणून उत्पन्न बोनसशिवाय ३५ टक्के (१०,५००) आणि बोनससह ६५ टक्के (१९,५००). तिथे पूर्ण ९,००० चा फरक, आणि प्रोपेनचे ५ टक्केही पदरात पडतात. तुमच्याकडे वेग आणि उत्पन्न हे दोन्ही बोनस बसले तर प्रोपेनचे ५ टक्के वाया. तरी प्रोपेनच घ्या: १ जानेवारी २०२८ पासून नैसर्गिक रेफ्रिजरंट नसलेल्या पंपाला अनुदानच नाही, आणि जुने रेडिएटर असलेल्या घरात ते मशीन चांगले चालते.

बेशाइडवाली
पहिला प्रश्न. अर्ज ज्या वर्षी, त्याच्या आधीचे दुसरे आणि तिसरे वर्ष, आणि त्या दोन वर्षांची सरासरी. २०२६ मध्ये अर्ज केलात तर २०२४ आणि २०२३. तुमची सरासरी (३४,६०० + ४४,२००) ÷ २ = ३९,४००. बसता. २०२४ एकटे पाहिले तर नापास वाटते, म्हणून बरेच जण स्वतःच अर्ज सोडून देतात.

पण ही खिडकी १ जानेवारीला सरकते. २०२७ मध्ये अर्ज केला तर २०२५ आणि २०२४ धरतील, सरासरी ४७ हजारांच्या वर, बोनस गेला. तुमच्यासाठी खरी मुदत ३१ डिसेंबर २०२६ आहे. काम नंतर झाले तरी चालते, अर्जाची तारीख मोजली जाते.

आता 'करपात्र उत्पन्न' म्हणजे काय. पगाराच्या चिठ्ठीवरचा ढोबळ आकडा नाही, हातात येणाराही नाही. स्टॉयरबेशाइडवर (कर खात्याकडून येणारा वर्षाचा करनिर्णय) 'त्सु फरश्टॉयरन्डेस आइनकोमेन' या ओळीसमोर जो आकडा असतो तोच. नोकरदाराला १,२३० ची सरसकट वजावट, पेन्शन विम्याचा स्वतःचा वाटा, आरोग्य आणि काळजी विमा वजा होऊन साधारण ४९-५० हजार ढोबळ पगाराचे करपात्र ४० च्या आत येते. म्हणजे एक पगार, जोडीदार घरी, अशी आपल्यातली बरीच कुटुंबे यात बसू शकतात.

कोणाचे उत्पन्न धरतात: त्या घरात नोंदणी असलेले, स्वतः राहणारे मालक आणि त्यांच्यासोबत राहणारा जोडीदार. जोडीदार मालक नसला तरी. मुलांचे नाही. सोबत राहणाऱ्या आईवडिलांचेही नाही, ते सहमालक नसतील तर.

मर्यादा कड्यासारखी आहे. ४०,००० ला पूर्ण ३० टक्के, ४०,००१ ला शून्य. उतरती पायरी नाही.

राईनपल्याड
@बेशाइडवाली, एल्टर्नगेल्ड (पालकत्वाच्या रजेतला सरकारी भत्ता) धरतात का? आणि २०२३ च्या मध्यावर जे भारतातून आले त्यांचे आधीच्या महिन्यांचे भारतातले उत्पन्न?

बेशाइडवाली
एल्टर्नगेल्ड करमुक्त. त्याने बाकीच्या उत्पन्नावरचा कराचा दर वाढतो, पण करपात्र उत्पन्नाच्या आकड्यात ते येत नाही. त्यामुळे पालकत्वाच्या रजेची वर्षे सरासरी चांगलीच खाली ओढतात. जर्मनीत येण्याआधीच्या महिन्यांतले भारतातले उत्पन्नही तसेच: दर ठरवायला वापरतात, आकड्यात नाही. बँकेने २५ टक्के कर कापून दिलेले व्याज-लाभांशही सहसा त्या आकड्याबाहेर राहते.

मात्र दोन्ही वर्षांचा बेशाइड असायला हवा. रिटर्न भरायची सक्ती नव्हती म्हणून भरलेच नाही, असे असेल तर आधी भरा. ऐच्छिक रिटर्नला चार वर्षे मिळतात, म्हणजे २०२३ चे २०२७ अखेरपर्यंत.

सरासरी ४०,३०० वगैरे येत असेल आणि बेशाइड ताजा असेल तर हरकत नोंदवायला एक महिना असतो. सुटलेल्या वजावटी शोधा. २०२४ पर्यंत पाळणाघर/किटाच्या फीचे दोन तृतीयांश, प्रत्येक मुलामागे कमाल ४,०००. घरून कामाचे रोज ६ युरो, कमाल १,२६०. ऑफिसला जायचे अंतर त्या वर्षांना पहिल्या २० किलोमीटरना ३० सेंट, पुढे ३८. किटाची फी न टाकलेले बेशाइड आश्चर्य वाटावे इतके असतात.

प्लंबरबुवा
तिसरा प्रश्न. सही आधी, पण साधी सही नाही.

क्रम असा:
– कंपनी किंवा यादीवरचा ऊर्जा तज्ज्ञ 'बीझेडए' ही पुष्टी तयार करतो. त्यात मशीन, खर्च, तांत्रिक अटी येतात. तुम्हाला एक क्रमांक मिळतो.
– कंपनीशी करार. त्यात वाक्य हवे: केएफडब्ल्यूची मंजुरी मिळाल्यावरच करार लागू होईल, किंवा नाकारल्यास रद्द होईल. काम कधीपर्यंत होईल तो अंदाजे दिवसही करारात लिहिलेला हवा.
– मग 'माइने केएफडब्ल्यू' पोर्टलवर बीझेडए क्रमांक घालून अर्ज. मालक दोघे असले तरी अर्ज एकच.
– मंजुरीपासून ३६ महिने काम पूर्ण करायला.
– काम झाल्यावर कंपनीची 'बीएनडी' पुष्टी, ओळख पडताळणी, बिले, मग पैसे.

ती अट नसलेला करार आणि त्यानंतर अर्ज, म्हणजे काम आधीच सुरू केले असे धरतात. अनुदान शून्य, अपील करून उपयोग नाही. 'भाव पक्का करायला' सही मागणाऱ्याला सांगा, अट घाला, लगेच सही करतो. अट घालायला कां कूं करणारी कंपनी सोडून द्या. सल्ला, उष्णताभार (घराला किती उष्णता लागते ते) मोजणे, नियोजन यांचे करार मात्र आधी केले तरी चालतात.

आणखी एक. जुना बॉयलर चालू अवस्थेत असायला हवा, तरच वेग बोनस. अर्जाआधी काढून भंगारात देऊ नका. नंतर तो काढल्याचा आणि विल्हेवाट लावल्याचा पुरावा मागतात.

हीटलोड
अनुदानावर बोलून झाले असेल तर कोटेशनकडे बघू या. १४ किलोवॅट कुठून आले?

२१,००० युनिट गॅस. त्या वयाच्या बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के धरा, सुमारे १९,००० युनिट उष्णता. चौघांच्या गरम पाण्याचे ३,००० वजा. उरले १६,०००. आपल्याकडच्या हवामानात भागिले साधारण २,००० तास, म्हणजे ८ किलोवॅट. हा ढोबळ ताळा आहे. अंतिम आकडा डीआयएन ईएन १२८३१ या मानकाप्रमाणे खोलीवार मोजणीतून यायला हवा, पण ती ८ वरून १४ वर जाणार नाही. बहुधा जुन्या बॉयलरच्या पाटीवरचा आकडा बघून मशीन निवडले आहे.

मोठे मशीन घेतले तर काय बिघडते? पंपाला एका मर्यादेखाली हळू चालता येत नाही. हीटिंगच्या मोसमातले बहुतेक दिवस बाहेर ५ ते १० अंश असतात, घराला ३-४ किलोवॅट पुरतात. १४ चे मशीन तेवढे खाली जात नाही, म्हणून चालू-बंद, चालू-बंद. काँप्रेसर झिजतो, वीज जास्त जाते. मग ते लपवायला ८०० लिटरची टाकी. टाकीत गरम आणि परतीचे पाणी मिसळते, रेडिएटरला ४५ अंश हवे तर पंपाला ५० बनवावे लागते. पाण्याचे तापमान एक अंश वाढले की वीज साधारण २ ते २.५ टक्के जास्त.

८ किलोवॅटच्या मशीनला बाहेरच्या युनिटवरचे बर्फ वितळवण्यापुरती ५० ते १०० लिटरची टाकी परतीच्या नळीवर पुरते, आणि दोन-तीन खोल्यांचे व्हॉल्व्ह कायम उघडे.

गणिती
@हीटलोड यांनी जे सांगितले त्याचा पैशातला अर्थ लक्षात घ्या. ३०,००० च्या आत वाचवलेला एक युरो म्हणजे तुमचे ३० सेंट. ३०,००० च्या वरचा प्रत्येक युरो मात्र शंभर टक्के तुमचा. ८०० लिटरची टाकी काढून आणि मशीन लहान करून कोटेशन ३०,००० वर आले, तर ४,८०० सरळ खिशात. उत्पन्न बोनसने तुम्हाला मिळणारे ४,५००. कंपनीने मशीन मोठे सांगून बोनसचा सगळा फायदा स्वतःकडे वळवला आहे.

नेकारकाठ
हे डोक्यात आलेच नव्हते. रेडिएटर जुनेच आहेत, पत्र्याचे, १९७८ चे. कंपनी म्हणते, फ्लोअर हीटिंगशिवाय हीट पंप चालत नाही, त्याचे वेगळे कोटेशन देऊ.

हीटलोड
चालतो. रेडिएटरच्या कॅटलॉगमधला आकडा ७५/६५ अंशांना (जाणारे/परतीचे पाणी) असतो. ५५/४५ वर चालवला तर तोच रेडिएटर साधारण निम्मा, ५१ टक्के देतो. १,००० वॅटचा झाला ५१० वॅटचा. पण सत्तरच्या दशकात रेडिएटर दणकून मोठे बसवायचे, आणि मधल्या काळात खिडक्या बदलल्या असतील तर भारही कमी झालेला असतो.

चाचणी फुकट आहे. कडक थंडीच्या आठवड्यात गॅस बॉयलरचे पाणी ५५ अंशांवर मर्यादित करा, सगळे थर्मोस्टॅट पूर्ण उघडा, दोन दिवस थांबा. मग ५० करून बघा. जी खोली २० अंशांना पोचत नाही तिथलाच रेडिएटर बदलायचा. बहुधा बाथरूम आणि उत्तरेची एखादी खोली. त्याच रुंदीत टाइप २२ (दोन पत्र्यांचा) च्या जागी ३३ (तीन पत्र्यांचा) बसतो, नळ्या सहसा हलवाव्या लागत नाहीत. हा खर्चही अनुदानात धरतात. तेलाची टाकी काढणे, बाहेरच्या मशीनचा पाया, वीजमीटरची पेटी बदलणे हेही.

पाण्याचा समतोल (प्रत्येक रेडिएटरला हवे तेवढेच पाणी) 'पद्धत बी' ने करणे सक्तीचे आहे: खोलीवार भार काढून प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा ठरवायचा. त्यासाठी आधी सेट करता येणारे व्हॉल्व्ह लागतात, जुने बदलावे लागतील. बिलात 'समतोल केला' एवढी एकच ओळ असेल तर हिशेबाचा कागद मागा. खोलीवार तक्ता नसेल तर काम झालेलेच नाही.

उंबरठा
रो-हाऊस आहे म्हणून आवाजाचे सांगते, तिथेच भांडणे होतात. १ जानेवारी २०२६ पासून अनुदानासाठी बाहेरच्या युनिटचा आवाज युरोपीय मर्यादेपेक्षा किमान १० डेसिबल कमी हवा. आधी ५ होता. गोदामातले जुने मॉडेल स्वस्तात देतो म्हणाले तर हे तपासा.

ते मशीनपुरते झाले. शेजाऱ्याच्या खिडकीशी वेगळी मर्यादा: निव्वळ निवासी भागात रात्री ३५, सर्वसाधारण निवासी भागात ४०, मिश्र भागात ४५ डेसिबल, उघड्या खिडकीबाहेर अर्ध्या मीटरवर. तुमचा भाग कोणता हे नगरपालिकेच्या बेबाउउंग्सप्लानमध्ये (बांधकाम आराखड्यात) असते. दोन भिंतींच्या कोपऱ्यात मशीन ठेवले की परावर्तनाने आवाज वाढतो, रो-हाऊसच्या मागच्या अंगणात नेमका तोच कोपरा मोकळा असतो. कंपनीकडून जागेचा आवाजाचा हिशेब लेखी घ्या.

प्रोपेन हवेपेक्षा जड. मशीनभोवती साधारण एक मीटरच्या पट्ट्यात तळघराची खिडकी, उजेडाचा खड्डा किंवा गटाराचे तोंड नको. नेमके अंतर निर्मात्याच्या कागदात असते. आणि मशीनखालचे पाणी फरशीवर सोडू नका, जानेवारीत त्याचा काचेसारखा निसरडा बर्फ होतो. ८० सेंमी खोल खडीत मुरवायचे.

राईनपल्याड
आमच्यासारख्या दोन पगारवाल्यांना ४० हजार म्हणजे स्वप्नच. त्यांनी काय करायचे? आणि इतके पैसे आधी आणायचे कुठून?

गणिती
पैसे काम झाल्यावर येतात, कंपनीला आधी तुम्हीच द्यायचे, हे खरे. ४५८ ची मंजुरी हातात असेल तर बँकेमार्फत पूरक कर्ज मिळते, प्रत्येक घरामागे १,२०,००० युरोपर्यंत. करपात्र कौटुंबिक उत्पन्न ९०,००० पर्यंत असेल तर व्याज सवलतीचे (३५८), त्यावर साधे (३५९).

जास्त उत्पन्नवाल्यांना दुसरा रस्ता: आयकर कायद्याचे कलम ३५सी. घर १० वर्षांहून जुने आणि स्वतः राहत असाल तर खर्चाच्या २० टक्के करातून वजा, तीन वर्षांत ७, ७ आणि ६ टक्के. एकाच कामाला दोन्ही घेता येत नाहीत. फक्त मूळ ३० टक्के मिळणार असतील तर केएफडब्ल्यूचे कमाल ९,०००, आणि ३५सी मध्ये ९,००० व्हायला खर्च ४५,००० लागतो. त्याखाली केएफडब्ल्यू, त्यावर ३५सी. वेग बोनस बसत असेल तर केएफडब्ल्यू १५,००० देते, मग विचारच नको. वेग बोनस २० टक्के २०२८ अखेरपर्यंत आहे, २०२९ पासून १७.

बेशाइडवाली
जोड देते. घरात नोंदलेले दुसरे छोटे युनिट (आइनलीगरवोनुंग) असेल तर मर्यादा ३०,००० + १५,००० = ४५,००० होते. पण वेग आणि उत्पन्न हे दोन बोनस तुम्ही राहता त्या युनिटच्या वाट्यावरच. भाड्याने दिलेल्या घराला फक्त ३० आणि असल्यास ५. सोसायटीतल्या फ्लॅटला मूळ अर्ज सोसायटीचा, बोनससाठी मालकाने स्वतंत्र पूरक अर्ज करायचा, तो राहून जातो.

प्लंबरबुवा
बिले: जर्मन भाषेत, प्रत्येक बाब वेगळी, पैसे बँकेतूनच. रोख दिलेले धरत नाहीत. 'रोखीत दिलेत तर व्हॅट सोडतो' म्हणणारा भेटला तर त्याच्या १९ टक्क्यांपायी ७० टक्के जातील.

विजेचे: ४.२ किलोवॅटपेक्षा जास्त वीज घेणारा पंप २०२४ पासून ऊर्जा उद्योग कायद्याच्या कलम १४ए खाली येतो. ताण आला की वीजवाहिनी कंपनी त्याला ४.२ किलोवॅटपर्यंत खाली आणू शकते, घर गार पडत नाही. बदल्यात वीजवाहिनीच्या वापराच्या शुल्कात सूट: मॉड्यूल १ ठरावीक रक्कम, मॉड्यूल २ मध्ये युनिटमागचे शुल्क ६० टक्के कमी पण वेगळा मीटर लागतो. वर्षाला साडेपाच हजार युनिट लागणार असतील तर दोन्हींचा हिशेब मीटरची पेटी बदलण्याआधी करा. नंतर दुसऱ्या मीटरची जागा उरत नाही.

राईनपल्याड
साडेपाच हजार कसे?

हीटलोड
१९,००० युनिट उष्णता भागिले ३.५ वार्षिक गुणांक (एका युनिट विजेमागे वर्षभरात मिळणारी उष्णता), ५,४०० च्या आसपास. वीज २८ सेंट धरली तर १,५२० युरो. तोच गॅस ११ सेंटने २,३१०. गुणांक २.८ वर घसरला तर १,९००. तो फरक जवळजवळ सगळा पाण्याच्या तापमानातून येतो. अनुदानाची अट किमान ३.० आहे, पण ती गणनेतली. प्रत्यक्षात काय येते ते तुमच्या रेडिएटरवर.

नेकारकाठ
तर आता क्रम असा धरतो: ऊर्जा तज्ज्ञाकडून खोलीवार भार, थंडीत ५५ अंशांची चाचणी, ८ च्या आसपासच्या प्रोपेन मशीनची दोन नवी कोटेशने, अटीसह करार, डिसेंबरआधी अर्ज. एक शेवटचे: काही वर्षांनी पुण्याला परत जायचे ठरले तर अनुदान परत द्यावे लागते का?

बेशाइडवाली
पंप दहा वर्षे त्याच कामासाठी वापरात राहायला हवा. घर विकले तर ही अट नव्या मालकाला कळवायची, करारात एक ओळ घाला. राष्ट्रीयत्वाची अट अर्जात नाही, मालकी आणि नोंदणी लागते. ग्रुंडबुखचा (मालकी नोंदीचा) उतारा, मेल्डेबेशाइनिगुंग (पत्ता नोंदणीचा दाखला) आणि दोन्ही बेशाइड आत्ताच एका फोल्डरमध्ये ठेवा, पैसे मागताना हेच लागतात.

हीटलोड
क्रमात एक बदल. ५५ अंशांच्या चाचणीला कडक थंडी लागते, ती डिसेंबरात पडेलच असे नाही. तिच्यासाठी अर्ज अडवू नका. बीझेडएमध्ये रेडिएटर बदलण्याचा खर्च आधीच धरून ठेवा. मंजूर रक्कम नंतर वाढत नाही, खर्च कमी झाला तर तेवढीच कमी मिळते.